शहादेवची मोटर

शहादेवने आजवर मिस्त्री नावाच्या माणसाला घराची पायरी चढू दिली नव्हती. ऊसतोडीला जायचा तेव्हा बैलगाडीचं काहीही मोडलं तरी तो स्वतःच सांधायचा, आणि टोळीतले लोक त्याच्या गाडीमागून चालायचे. काय काय गळतंय ते गोळा करायला. घरातला पंखा त्याने दुरुस्त केल्यापासून वारा खाली यायचा सोडून छताला लागत होता.

यंदा त्याच्या बायकोचा, वत्सलाबाईचा, खांदा धरला. अंगणातल्या आडाचं पाणी शेंदून शेंदून तिचा हात वेणी घालायलाही वर जाईना. शहादेवने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी माजलगावला जाऊन मोटर, पाइप आणि ओढलेलं पाणी परत खाली जाऊ नये म्हणून पाइपाच्या टोकाला लावायचा झडपेचा फुटवॉल घेऊन आला. कुणाची नजर नको म्हणून सगळं सामान त्याने रातभर गोठ्यातल्या कडब्यात दडवलं.

"मिस्त्रीला कावून बोलवीना तुमी?" सकाळी वत्सलाबाईने विचारलं.

"मिस्त्रीला दोन हात हायत, मला बी दोन हायत."

"पंख्याच्या टायमाला बी हेच म्हणलं होतं."

शहादेवने ते ऐकलंच नाही. आडाच्या कडेला मोटर बसवली, फुटवॉल लावून पाइप पाण्यात सोडला, वायरी जोडल्या. मग गल्लीभर फिरून सगळ्यांना बोलावून आणलं. शेजारचा बजरंग घाटनांदूरला साखरपुड्याला निघाला होता. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तोही थांबला. नारळ फुटला. शहादेवने बटण दाबलं.

मोटर घुरघुरली. पाइपाच्या तोंडातून नुसती हवा आली.

"आधी तिच्या पोटात पाणी घालावं लागतं," शहादेव जाणत्या आवाजात म्हणाला, "तवा ती ओढती."

म्हणून त्याने मोटर बंद केली, तिचं वरचं झाकण उघडलं आणि कळशी ओतली. पाणी गडप. आणखी एक ओतली, तीही गडप. घरातले हंडे संपले, रांजण संपला. वत्सलाबाईने दुखऱ्या खांद्याने पहाटे शेंदलेलं सगळं पाणी मोटर प्यायली, तरी तिचं पोट भरेना. मग पलीकडच्या घरातल्या सत्यशीलाने आपला हंडा आणला. तिचं बघून साऱ्या गल्लीने आपापली भांडी आणली.

बजरंग आडात वाकून कान देऊन ऐकत होता. खाली धो-धो आवाज येत होता.

"शहादू, आडातलं पाणी काढायलास का आडात भरायलास बे?"

सगळे खो-खो हसले. शहादेवचे कान लाल झाले. त्याने वत्सलाबाईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. रिकाम्या रांजणाकडे बघत होती. ते त्याला जास्त लागलं.

"वढा पाइप वर," ती म्हणाली.

पाइप वर ओढला. फुटवॉलच्या झडपेत कडब्याची काडी आडवी अडकली होती. झडप मिटतच नव्हती. वरून ओतलेलं पाणी खालून आडात पळत होतं.

"नजर लागू नये म्हणून ठिवलं व्हतं ना कडब्यात?" वत्सलाबाई म्हणाली. "लागली."

काडी काढली. सत्यशीलाच्या घरून शेवटची कळशी आली. या वेळी पाणी मोटरीच्या गळ्याशी येऊन थांबलं. शहादेवने झाकण आवळलं, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

पाइपाचं बाहेरचं तोंड बांधायचं मात्र राहून गेलं होतं. मोटरीने जोर धरला, पाइप फणा काढून उठला, अंगणात दोन गिरक्या घेतल्या आणि नेमका बजरंगच्या सदऱ्याला भिडला. बायका किंचाळल्या, कोंबड्या भिंतीवर चढल्या. शहादेव भिजत-नाचत ओरडत होता, "आलं! पानी आलं!"

"आलं की! समदं माझ्याच अंगावर!" म्हणत बजरंग कपडे बदलायला पळाला.

गल्लीतल्या बायांनी आता आपापले हंडे पुढे सरकवले. मोटरीला पाजलेलं पाणी त्यांना परत हवं होतं. शहादेवने मोठ्या मनाने सगळ्यांचं भरून दिलं. शेवटी वत्सलाबाईने आपली घागर पाइपाखाली धरली आणि लाइट गेली.

बाया हंडे उचलून हळूच निघून गेल्या. शहादेवने मुकाट्याने दोर घेतला आणि बादली आडात सोडली. त्याने पहिल्यांदाच पाणी शेंदलं. दुसऱ्या बादलीला त्याला दम लागला, तिसरीला तळहात सोलला.

"रोज एवढं वढायचीस?" त्याने विचारलं.

"एवढं न्हाई. लई जास्त."

त्याने दोर खुंटीला अडकवला. मग म्हणाला, "पंख्याला उद्या मिस्त्री बोलवू."

वत्सलाबाई तोंडाला पदर लावून हसली. जेवायला दोघं बसले, भाकरीचा पहिला तुकडा मोडला, आणि लाइट आली. अंगणात भस्सकन पाणी उसळलं. बटण चालूच राहिलं होतं.

"बसा तुमी," उठू पाहणाऱ्या शहादेवला ती म्हणाली. "रांजण माझा मी भरते. आता हात वर करावा लागत न्हाई."