मास्तीचा हात

आधी अक्काचं सांगते, मग बाकीचं. शेजारी भाकऱ्या थापून विकणारी ती बाई त्या दिवशी मध्ये पडली नसती, तर मला बेळगावच्या गाडीत बसवून माहेरी धाडलं असतं.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. सहावीत शाळा सुटलेली मी, मालवणकडची, लग्न होऊन कानडी मुलखात, रायापूरला आले. नवरा जवळच्या कारखान्यात कामाला, घरात सासूबाई. कानडीचं एक अक्षर कळत नव्हतं. अक्का मला ‘तंगी’ म्हणायची. तंगी म्हणजे धाकटी बहीण, हे कळायलाही दिवस गेले. तोवर वाटायचं, ही आमच्या अडचणीवरून टोमणे मारतेय.

घरामागच्या शेताच्या कडेला एक पडकं देऊळ होतं. चालुक्यांच्या काळातलं म्हणायचे. काळ्या दगडाचे कातीव, गुळगुळीत खांब, दारावर दोन हत्तींमध्ये बसलेली लक्ष्मी, आणि आत गाभारा रिकामा. देव कोणता होता, कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. अक्कानं एकदा तिकडे बोट दाखवून बजावलं होतं, “मास्ती गुडीकडे होगब्याड!” गुडी म्हणजे देऊळ आणि होगब्याड म्हणजे जाऊ नको, एवढं तिच्या हातवाऱ्यांवरून कळलं. मास्ती मात्र मी मस्ती ऐकलं. मनात म्हटलं, मी कशाला देवळात मस्ती करायला जाते!

मग नवरा तापानं पडला. डॉक्टर टायफॉईड म्हणाले. ताप उतरेना. सासूबाई उशाशी बसून राहिल्या, माझ्याशी बोलणं बंद. घरात जीव घुसमटायला लागला, तशी मी दिवेलागणीच्या आधी त्या देवळाकडे गेले.

देवळासमोर एक दगड कलून उभा होता. त्यावर चंद्र-सूर्य, आणि खाली खांबातून निघालेला बाईचा हात. कोपरात वाकून वर उचललेला, मनगटभर बांगड्या, बोटांत लिंबू. मला वाटलं, देवी आशीर्वाद देतेय. मी हळद-कुंकू वाहिलं, पणती लावली आणि म्हटलं, यांना उठव. दुसऱ्या दिवशीही गेले. मग रोजच.

एक दिवस सासूबाईंनी माझ्या बोटाचं कुंकू पाहिलं. “कुठं जातीस गं रोज?”

“पडक्या देवळात. देवी आहे ना तिथं, हात वर केलेली.”

त्यांच्या हातातली ओली पट्टी खाली पडली. “ती देवी नव्हं! ती मास्ती!”

“नाही हो आई, मी मस्ती नाही केली. नुसता दिवा लावला.”

“महासती गं! नवऱ्यामागं चितेवर गेलेली बाई! माझा लेक तापानं फणफणतोय आणि तू तिच्यापुढं पदर पसरतीस?”

मनात आलं, आपणच यांचं मरण मागून आलो की काय? सासूबाईंनी माझी ट्रंक ओढून बाहेर काढली. “उद्या सकाळच्या गाडीनं जा. हा बरा झाला तर बघू.”

आरडाओरडा ऐकून अक्का आली, हात पिठाचे तसेच. एव्हाना तिचं कानडी मला समजू लागलं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अव्वा, सुनेला पाठवून ताप उतरत असता, तर डॉक्टरनं औषधाऐवजी तिकीटच लिहून दिलं असतं की.” सासूबाई चिडल्या. अक्कानं त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना देवळापाशी नेलं. मी मागोमाग.

“बघा या बांगड्या. एक तरी फुटलीय? सवाष्ण गेली म्हणून हा हात. आमच्या घरची देवी हीच. लग्न ठरलं की पहिली ओटी हिची. जाताना हिला कुणी विचारलं असंल का, कोण जाणे. आम्ही तरी येऊन विचारतो.” मग माझ्याकडे वळून, “मी जाऊ नको म्हटलं ते सापासाठी गं, तंगी. वरचे दगडपण पडायला आलेत.”

सासूबाईंनी वाकून त्या बांगड्या निरखल्या. हात मात्र जोडले नाहीत. “ताप उतरेपर्यंत राहू दे हिला,” एवढंच म्हणाल्या.

ट्रंक दारापाशीच राहिली. येता-जाता पायाला लागायची. अखेर एका सकाळी नवऱ्यानं पेज मागितली. औषधानं की कशानं, मी कुणाला विचारलं नाही. मी पेज घेऊन आले, तर ट्रंक दारात नव्हती. सासूबाईंनी ती पलंगाखाली सरकवली होती.

त्या हाताकडे मी आजही धीटपणे बघू शकत नाही. ती स्वतःहून गेली की तिला नेलं, हा विचार येतोच. पण अक्कानं मनगट धरून सासूबाईंना नेलं, तो पिठाचा हात मला तितकाच आठवतो.

अक्का आता म्हातारी झाली, नजर अधू होत चाललीय, पण त्या उपकाराचं काही घेत नाही. साडी नेली तर परत करते. एकदाच बोलून गेली होती, “दगड पार कललाय, कुणीतरी सरळ उभा करायला पाहिजे.” अक्का, तो मी सरळ उभा करीन, भोवती कट्टा बांधीन. तुझी नजर शाबूत आहे तोवर, तुला हाताला धरून तिथं नेईन.