आईला नंतर सांगू

कन्सल्टंट बाई "अक्यूट मायलॉइड ल्यूकेमिया" म्हणाल्या, तेव्हा मी पार्किंगचा विचार करत होते. तिकीट दोन तासांचं होतं आणि त्यातला पाऊण तास बाहेर बसण्यातच गेला होता. मग त्यांनी सोपं करून सांगितलं: रक्ताचा कॅन्सर, झपाट्यानं वाढणारा, ट्रीटमेंट आजपासूनच. मंदारनं, माझ्या नवऱ्यानं, मान डोलावली. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

त्याआधी महिनाभर तो दमत होता, दात घासताना रक्त येत होतं. आम्ही ते सगळं ऑफिसच्या ताणावर ढकललं होतं.

वॉर्डात बेड मिळाल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते हे: "आईला सांगायचं नाही हं. शी विल पॅनिक. रेमिशन आलं की नंतर सांगू." रेमिशन म्हणजे तपासणीत कॅन्सरच्या पेशी न दिसणं. सासूबाई पुण्यात एकट्या, आम्ही इथे इंग्लंडमध्ये, त्यामुळे मला ते पटलं. आपल्याकडे असंच करतात. माझ्या बाबांचं ऑपरेशन झाल्याचं मला ते घरी आल्यावर कळलं होतं.

रोजच्या व्हिडिओ कॉलला मी फोन असा धरायचे की सलाइनचा स्टँड दिसू नये. केस गेले तेव्हा त्यानं टोपी घातली. "नॉटिंगहॅमला यंदा फार थंडी आहे, आई," मी म्हणाले. थापा मारण्यात मी तरबेज झाले.

किमोनंतर न्यूट्रोपेनिया झाला, म्हणजे पांढऱ्या पेशी इतक्या कमी की साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतावी. आत काही प्रोसिजर चालू असली की मी कॉरिडॉरमध्ये बसायचे. तिथे भिंतीवर हॉस्पिटलचा इतिहास लावला होता. पहिल्या महायुद्धात इथे सैनिक ठेवत. त्यातला एक विल्यम, ऑस्ट्रेलियन, वय तेवीस, घरी असताना मेंढ्यांची लोकर कातरायचा. फ्रान्समधल्या खंदकांतून त्यानं दोन वर्षं स्ट्रेचर वाहिले, मग विषारी गॅसनं छाती गेली आणि त्याला इथे आणलं. त्यानं आईला लिहिलेलं पत्र, पुढे घरच्यांनी हॉस्पिटलला दिलेलं, काचेच्या पेटीत होतं. थोडी सर्दी आहे, नर्स चांगल्या आहेत, काळजी नको, एवढंच. शेजारी वॉर्ड सिस्टरचं पत्र, चार दिवसांनंतरचं. तो न्यूमोनियानं गेला होता. घरी कळवू नका असं त्यानं बजावलं होतं आणि तिनं ऐकलं होतं. त्याबद्दल तिनं त्याच्या आईची माफी मागितली होती.

ती पत्रं मी रोज वाचायचे. वेळ जायचा, बाकी काही वाटायचं नाही.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी कन्सल्टंट मला बाहेर नेऊन म्हणाल्या, "द ट्रीटमेंट इजंट वर्किंग. इफ ही हॅज फॅमिली अब्रॉड, आय वुड टेल देम नाऊ." मी जाऊन त्या पेटीसमोर उभी राहिले. व्हिसाला आठवडे लागतात हे मला माहीत होतं. मला पहिल्यांदा भीती वाटली. त्या सिस्टरसारखीच मीही मंदारचं ऐकत बसले होते.

मंदारला न विचारता मी फोन लावला आणि सगळं सांगितलं. सासूबाईंनी हॉस्पिटलचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पासपोर्ट कपाटात आहे, फोटो पाठवते. फॉर्म तू भर. आणि मी येतेय म्हणून सांग त्याला."

मंदार दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

हॉस्पिटलच्या पत्रामुळे व्हिसा लवकर झाला. सासूबाई एप्रन, मास्क घालून त्याच्यापाशी बसल्या. टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला. "किती रे खोटं बोललास," एवढंच म्हणाल्या. तो हमसून हमसून रडला. नवव्या दिवशी, दुपारी, तो गेला.

कागदपत्रांसाठी आम्ही दोघी पुन्हा हॉस्पिटलमध्ये गेलो, तेव्हा मी सासूबाईंना ती पत्रं मराठीत वाचून दाखवली.

"हे पत्र कधी मिळालं असेल गं त्याच्या आईला?" त्यांनी विचारलं.

"जहाजानं जायचं, आई. तो गेल्याची तार आधी पोचली असेल."

"म्हणजे मुलगा गेला, आणि मग त्याचं 'काळजी नको' आलं." त्यांनी काचेवर हात ठेवला. "मला नऊ दिवस तरी मिळाले."

मी थापा मारल्या नसत्या तर तीन महिने मिळाले असते. हे त्या बोलल्या नाहीत, कधी बोलणारही नाहीत. तिथे, त्या कॉरिडॉरमध्ये, मला रडू आलं.

तुमच्या घरात कोणी 'नंतर सांगू' म्हणत असेल, तर ते प्रेमानंच म्हणत असेल. तरी आज फोन करा.