कोमट पाण्याची वाट

काळकाईच्या डोंगराच्या पायथ्याला तळेखोंड नावाचं गाव, आणि त्या गावात धर्माजी. दीड एकराचं भात, दोन बैल, बायको सगुणा. मूलबाळ नाही. एवढ्यावर त्याची ओळख संपली असती. पण वर्षातला एक दिवस असा होता, की त्या दिवशी सारा गाव बांधावर उभा राहून त्याच्याकडे बघायचा.

माघी पुनवेला तो पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या कुंडावर जाई. जमिनीतून आपोआप उकळून येणारं ते पाणी तांब्याच्या कळशीत भरी, कळशीभोवती भाताचा पेंढा गच्च आवळी, डोक्यावर चुंबळ ठेवी आणि निघे. निघाला की डोंगरमाथ्यावर काळकाईच्या पायाशीच थांबे. मधे कळशी उतरवायची नाही, धोंड्यावर टेकायचं नाही, झाडाला हात लावून दम खायचा नाही. वर भाऊबंदांतला वडीलधारा पाण्यात बोट बुडवी. पाणी कोमट लागलं, की देवीची आंघोळ होई आणि पाण्याचा मान पुढल्या सालीही त्याच घरात राही. गार लागलं, तर मान दुसऱ्या घरी जाई. देवीला ऊन पाणी कशाला लागतं, हे कुणी विचारत नसे. म्हाताऱ्या म्हणत, एवढ्या उंचावर राहते, वाजत असेल तिला थंडी.

आज्यापासून हा मान धर्माजीच्या घरात होता. खुद्द त्यानं सव्वीस पुनवा पाणी वाहिलं होतं. पण गेल्या साली नांगरताना त्याचा गुडघा दुखावला आणि पुनवेला वाटेत त्याची चाल मंदावली. वर त्याचा चुलतभाऊ तुकाराम वडीलधारा म्हणून बसलेला. तुकारामानं पाण्यात बोट घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाला, "चालंल." कोमट आहे असं म्हणाला नाही. ते 'चालंल' धर्माजीच्या घशात माशाच्या काट्यासारखं वर्षभर राहिलं. येत्या पुनवेला पाणी गार झालं तर मान तुकारामाच्या घरी जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अशात मार्गशीर्षात मुंबईहून एक प्रोफेसर आले. जयवंत त्यांचं नाव. देश स्वतंत्र होऊन नऊ वर्षं झाली होती. सरकारची माणसं, मोजणीवाले, झाडं मोजणारे खेड्यात अधूनमधून दिसू लागले होते. हे प्रोफेसर मात्र दगड बघायला आले. डोक्यावर टोपी, हातात लहानसा हातोडा. फणस पिकलाय का हे बघायला माणूस जसा टिचकी मारून कान लावतो, तसे ते कातळाला ठोकून ऐकायचे. शाळेच्या गुरुजींनी त्यांची आणि धर्माजीची गाठ घालून दिली, कारण डोंगराची वाट धर्माजीइतकी कुणाच्या पायात नव्हती.

प्रोफेसरांनी सांगितलं ते असं. हा डोंगर म्हणजे गोठलेली आग आहे. फार पूर्वी इथली भुई फाटली, आतून तापलेल्या दगडाचा रस वाहत आला, पसरला, निवला. त्यावर पुन्हा दुसरा आला, तिसरा आला. अशा थरांवर थर बसून हा मुलूख झाला. जगात जिथं जिथं अशी आग वर आली, तिथल्या काही सरकारांनी सगळे डोंगरच राखून ठेवलेत; त्यांना राष्ट्रीय उद्यान म्हणतात. लोक तिथं लांबून येतात, पायी हिंडतात, बघतात. आपलाही डोंगर तसा राखावा असं प्रोफेसरांना सरकारला लिहायचं होतं. त्याआधी वीस विद्यार्थी घेऊन कुंडापासून माथ्यापर्यंत एकदा पायी जायचं होतं.

धर्माजीनं सारं ऐकून घेतलं. तरुणपणी तो दोन वर्षं मुंबईला गिरणीत होता, तेव्हा त्यानं एकच उद्यान पाहिलं होतं, राणीचा बाग. तिथं लोखंडी कठडे होते, फुलांचे वाफे होते आणि गजाआड एक अस्वल होतं. त्यानं काळकाईच्या डोंगराकडे वर पाहिलं. वाफे एकवेळ पठारावर करता येतील, पण अस्वल कुठं ठेवणार, हे त्याला कळेना.

"सायेब, आग कवा लागली व्हती म्हनालात?"

"सहा-सात कोटी वर्षं झाली असतील."

"आनि आता?"

"विझली. केव्हाच विझली."

"मंग कुंडातलं पाणी कोन तापवतंय?"

प्रोफेसरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. म्हणाले, ते वेगळं आहे, भुईच्या पोटात खोलवर ऊब असते, फटींतून पाणी खाली जातं आणि तापून वर येतं. बोलता बोलता थांबले. "पण खरं सांगू का धर्माजी, इथंच का, तिथंच का, हे आम्हांलाही अजून नीट सांगता येत नाही."

धर्माजीला आनंद झाला आणि भीतीही वाटली. पुस्तकवाल्यांना सगळं ठाऊक असतं असं तो धरून चालला होता. त्यांनाही ठाऊक नाही म्हटल्यावर आता विचारायचं कुणाला?

मग जायचा दिवस ठरवायचा आला. धर्माजी ताठ होऊन म्हणाला, पुनवेला या. एरवी त्या वाटेवर करवंदीच्या जाळ्या माजलेल्या असतात. पुनवेच्या आदल्या दिवशी गाव कोयत्या घेऊन वाट मोकळी करतो. प्रोफेसरांनी वहीत टिपलं. पुनव रविवारी येत होती, विद्यार्थ्यांनाही सोयीचं. त्यांनी विचारलं, वाटेत विसावे किती? धर्माजी अभिमानानं म्हणाला, एकही नाही. किती वेळ लागेल? त्यावर तो म्हणाला, कुंडातलं पाणी कोमट राहतं तेवढा. प्रोफेसरांना वाटलं, वाट सोपी असणार. तेही त्यांनी टिपलं. पाव्हण्यांना आपण वाट दाखवायची आणि कळशीही आपल्याच डोक्यावर असणार, हे त्या घटकेला धर्माजीच्या ध्यानातही आलं नाही. कारण सव्वीस वर्षांत त्या वाटेनं तो कुणाबरोबर गेलाच नव्हता.

ध्यानात आलं ते पौषात, प्रोफेसरांचं पत्र आल्यावर. गुरुजींनी शाळेच्या पायरीवर बसून वाचलं. सकाळी सात वाजता कुंड. साडेसातला ओढ्याच्या काठचा पहिला थर, तिथं अर्धा तास. मग लाल मातीचा पट्टा, मग खांबासारखे दगड, मग फराळ, मग आणखी एक कडा. असे अकरा थांबे. माथ्यावर दुपारी दोन वाजता.

"अकरा?" धर्माजीनं विचारलं. गुरुजींनी पुन्हा मोजले. अकराच होते.

त्या दिवसापासून धर्माजीचं डोकं चालेनासं झालं. पेंढा बैलांपुढं टाकायचा तो चुलीपाशी टाकून आला. शब्द दिलेला, तो मोडायचा कसा? पाव्हण्यांबरोबर थांबत गेलं तर कळशी गार. पहाटे पाणी पोचवून पाव्हण्यांसाठी खाली यावं, तर गुडघा एकदाही चढायला धड कबूल नव्हता, दोनदा कुठला. पुनव पुढं ढकलता येत नाही आणि रविवारही. शेवटी गुरुजींनी ही अडचण प्रोफेसरांना कळवली.

उत्तर आलं ते गुरुजींनी हसतच वाचून दाखवलं. प्रोफेसर लिहीत होते, काळजी नको. आमच्याकडे थर्मास नावाची बाटली असते, तिच्यात सकाळी ओतलेला चहा संध्याकाळपर्यंत वाफाळता राहतो. देवीचं पाणी तिच्यातून नेऊ, म्हणजे कितीही थांबलं तरी हरकत नाही.

गुरुजींच्या लेखी प्रश्न मिटला. धर्माजीचा तिथून सुरू झाला. पाणी कोमट पोचतं ते पाय थांबले नाहीत म्हणून. बाटलीनंच ऊब धरली, तर पायांनी काय केलं? बोट बुडवून तुकाराम मग काय पारखणार, माणूस की बाटली? पण देवीला पाय हवेत की पाणी, हे तरी कुणी सांगावं? सव्वीस वर्षं वाहिलं आणि आपण नक्की काय वाहतो, हेच त्याला सांगता येईना.

अखेर तो उठला आणि ज्याच्या घरी मान जायची भीती, त्या तुकारामाकडेच गेला. तुकाराम ओटीवर सुंभ वळत होता. त्यानं सगळं ऐकलं. वळायचा हात थांबला.

"आज्यानं बाटलीचं काय सांगून ठेवलं न्हाय," तो म्हणाला.

"न्हायच सांगितलं."

"थांबायचं न्हाय, एवढं मातर सांगितलंय." मग म्हणाला, "धर्मा, मलाबी काय कळंना बग." आणि पुन्हा सुंभ वळू लागला. दोघं भाऊ एकाच गोंधळात शेजारी शेजारी बसून राहिले. कितीतरी महिन्यांनी ते असे बसले होते.

घरी आला तर सगुणा विहिरीवरून येत होती. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, कमरेवर घागर. पायवाटेवर थेंब नाही. तो अंगणात गुडघा चोळत बसलेला बघून ती हंड्याखालूनच बोलली, "पाणी कुनी न्यायचं, ह्योच घोर हाय न्हवं?"

"व्हय."

"तीस वर्सं ह्या घरात पाणी कोन वाहतंय?"

धर्माजी म्हणाला, बाईनं देवीचं पाणी नेलेलं आजवर कधी ऐकलं नाही. ती म्हणाली, न्यायचं नाही असं तरी कधी ऐकलंय? त्यानं आठवून पाहिलं. आजा आठवला, बाप आठवला, त्यांनी सांगितलेलं एकेक आठवलं: टेकायचं नाही, बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. बाईनं न्यायचं नाही, हे कुठंच सापडेना. सापडलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटलं.

सगुणा हंडा उतरवत म्हणाली, "तुमी न्हेत व्हता म्हनून मी गप व्हते. न्हायतर तुमची चाल बघून मला दर साली हसू येतं."

तुकारामाला विचारलं. तो म्हणाला, माणूस घरातलं पाहिजे, ती घरातलीच आहे. मग हळूच म्हणाला, "कोमट आसलं मंजे झालं." त्यात होकार किती आणि सापळा किती, हे धर्माजीला उमगलं नाही.

पुनवेच्या सकाळी कुंडावर वाफ तरंगत होती. सगुणानं कळशी भरली, पेंढा आवळला, पदर खोचला. वीस विद्यार्थी वह्या काढून बघत होते. ती निघाली आणि ओढा ओलांडून ऐनाच्या झाडांआड दिसेनाशी झाली. धर्माजीला वाटलं, आपलं अर्धं अंग पुढं गेलं आणि अर्धं मागं राहिलं.

मग ओढ्याकाठी पहिला थांबा आला. प्रोफेसर म्हणाले, बसा धर्माजी. तो त्या वाटेवर कधी बसलाच नव्हता. कसं बसावं ते कळेना. आधी उकिडवा बसला, मग पाय सोडले, मग उगाच उठून पुन्हा बसला. प्रोफेसरांनी विचारलं, या जागेला काय म्हणतात? त्याला नाव आठवेना. दुसऱ्या थांब्यावर विचारलं, तिथंही नाव नव्हतं. तिसऱ्यावर त्याच्या लक्षात आलं, की माणूस जिथं थांबतो त्याच जागेला नाव पडतं, आणि ह्या वाटेवर त्याच्या घरातलं कुणी तीन पिढ्यांत थांबलं नव्हतं. पोरं वहीत नुसते आकडे घालत होती. एक, दोन, तीन. त्याला लाज वाटली.

फराळाच्या वेळी तो कड्यासमोर बसला होता. सव्वीस वर्षं त्या कड्याखालून तो मान ताठ धरून, नजर पायांपुढं ठेवून गेला होता. आज मान वर झाली. कड्यावर आडव्या रेघा होत्या. काळा थर, त्यावर लालसर, पुन्हा काळा. सगुणा तव्यावरून घावनं काढून एकावर एक रचते, तशी कुणीतरी रचून ठेवलेली. एवढी घावनं कुणासाठी केली आणि ती खायला कोण आलंच नाही, असा वेडा विचार त्याच्या मनात आला. प्रोफेसरांना तो बोलला नाही. बाटलीतला चहा मात्र एकानं पुढं केला आणि धर्माजीची जीभ चांगलीच पोळली. बाटली बाहेरून गार होती. त्यानं ती फिरवून फिरवून पाहिली.

माथ्यावर पोचायला दोन नाही, तीन वाजले. काळकाई न्हाऊन बसली होती, शेंदूर ओला होता. सगुणा देवळामागं सावलीत बसली होती. धर्माजीनं तिच्याकडे पाहिलं, पण आधी तो तुकारामाकडे गेला. तो विचारायच्या आत तुकारामानंच बोट वर करून दाखवलं.

"बोट चटकन काढाया लागलं. ऊन व्हतं, धर्मा. चांगलंच ऊन."

"म्हंजे कोमट न्हवतं?"

"कोमट व्हायची वाट बगत बसलो आमी. समदा गाव बसला व्हता. असं कधी झालंच न्हवतं. काय करावं कुनाला सुचंना." तुकारामानं डोक्यावरचं मुंडासं काढून पुन्हा बांधलं. "मान तुज्याच घरात ऱ्हायला. तुजा का तिचा, ते मला इचारू नगं."

धर्माजी सगुणाजवळ येऊन बसला. घशातला काटा निघाला होता आणि तिथं दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं, त्याला नाव देता येत नव्हतं. खाली विद्यार्थी कातळाला हातोडे ठोकत होते. डोंगर उद्यान होणार की नाही, हे प्रोफेसरांनाही अजून माहीत नव्हतं.

"एवढा येळ वाटंत काय बघितलंत?" सगुणानं विचारलं.

तो सांगू लागला, ओढ्याकाठचा थर, लाल पट्टा, कड्यावरची घावनं. सांगताना अडखळला, हातांनी दाखवू लागला, पण मनासारखं जमेना. मग म्हणाला, "पुढल्या पुनवेला तूच बग. त्या कड्यापाशी घटकाभर थांब."

सगुणानं रिकाम्या कळशीभोवतीचा पेंढा सोडवायला घेतला. "मला कसं थांबता येईल?" ती म्हणाली. "पाणी न्यायचं हाय न्हवं मला."