मीठ कमी, मासे नव्हे

आमच्या शेजारच्या मावशी मरोळच्या बाजारात मासे विकायच्या. घरातही गिऱ्हाइकाला हाक मारल्यासारख्याच बोलायच्या. हृदय कमजोर झालं, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तर मुलाने मासेच बंद केले. दोन्ही वेळा नुसती पेज. दंड काटकुळे झाले, पाय सुजले, आणि सुजलेले पाय बघून लोक म्हणत, "तब्येत भरली हं!" माझं डोकंच फिरायचं.

शेवटी तपासणीला मीही सोबत गेले. पेजेचं ऐकताच डॉक्टर मुलावर कडाडले, "मीठ कमी करायला सांगितलं होतं, उपाशी ठेवायला नाही!"

परतताना मावशींनी स्वतः ताजे बांगडे निवडले आणि घरी कोकमाचं बिनमिठाचं आगळ, मिरची लावून तव्यावर टाकले.

"आई, जपून गं," मुलगा पुटपुटला.

"गप रे! डॉक्टरकडे मी जगायला जाते."