हाताची घडी

घरबसल्या इतरांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून त्यांची दुखणी बरी करायची, म्हणून ऑफिसात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. हात हलका, पण जीभ तिखट.

एका सकाळी हिशेबनीस काकांचा फोन आला. घरून ऑफिसचा कॉम्प्युटर जोडला, की त्यांच्या दोन स्क्रीनची उलटापालट व्हायची. माउस डावीकडे न्यावा, तर बाण उजव्या स्क्रीनवर उगवायचा.

"एवढंच ना?" म्हणत तिनं सेटिंगमध्ये स्क्रीनच्या जागा बदलल्या. "झालं, काका?"

"छे गं, जैसे थे!"

तिनं पुन्हा बदलल्या. पुन्हा जैसे थे. तिसऱ्या खेपेला तिचा पारा चढला. "काका, कॅमेरा लावा बघू!"

काका दिसले ते घामाघूम, एक स्क्रीन पोटाशी कवटाळलेले. "तू एकटी किती राबशील? तू काही केलंस, की मीही लगेच हे दोन्ही उचलून इकडचे तिकडे ठेवतो!"

"खाली ठेवा तो! आणि हाताची घडी घाला!"

पुढच्या मिनिटाला बाण सरळ चालू लागला.

तेव्हापासून ती प्रत्येकाला आधी हाताची घडी घालायला लावते. काल खुद्द मोठ्या साहेबांचा फोन आला. तक्रार राहिली बाजूला, पहिलं वाक्य दबक्या आवाजात, "घडी घातलीय हं, बाई."