मशीन उघडून बघणारा धनराज

काटोलच्या एका शाळेतलं काम आटपून मी बसस्टँडवर येऊन बसलो होतो. समोर संत्र्यांच्या पेट्या टेम्पोत चढत होत्या आणि फोन वाजला. धनराजची मुलगी, प्रज्ञा. "काका, बाबा गेले..." एवढंच म्हणाली. दुकानात काम करता करता दुपारी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. काटोल ते नागपूर रस्ता मला अजिबात आठवत नाही. सहा आठवडे होत आलेत. आता कुठे त्याच्याबद्दल सलग काही लिहिता येईल, असं वाटतंय.

धनराज गजभिये नागपुरात, इंदोऱ्याला झेरॉक्स मशीन दुरुस्त करायचा. तरुणपणी आम्ही एकाच एजन्सीत लागलो. मी मशीन विकायला, तो दुरुस्तीला. मी गिऱ्हाइकाला मिनिटात किती प्रती निघतात ते सांगत असे, तेव्हा हा मशीनच्या मागे गुडघ्यांवर बसून झाकण किती स्क्रूंवर आहे ते बघत असे. पुढे त्याने स्वतःचं दुकान टाकलं, मी एका मोठ्या कंपनीत गेलो. पण संध्याकाळचा चहा त्याच्याच दुकानात व्हायचा. "चालते कशी हे सगळेच पाहतात," तो म्हणायचा, "बंद पडल्यावर उघडते कशी, थे पाहा नं."

आमच्यात एकदा फार मोठी दरी पडली होती. ती गोष्ट टाळून त्याच्याबद्दल लिहिणं खोटं होईल. जिल्हाभर शाळा असलेल्या एका संस्थेला सगळीकडे एकाच कंपनीची मशीन घ्यायची होती. तीन कंपन्या शर्यतीत होत्या, त्यात माझी एक. तिन्हींची तुलना करून अहवाल द्यायचं काम संस्थेने धनराजकडे सोपवलं. मी मनातून खूश झालो... आपलाच माणूस! ही ऑर्डर गेली तर माझी नोकरी धोक्यात, हे साहेबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं.

धनराजने भर मे महिन्यात तिन्ही मशीन संस्थेच्या ऑफिसात लावल्या. खिडकीतून रस्त्याची धूळ, बाजूला कुलरची दमट हवा आणि कागद बाजारात मिळतो तो साधा. मग एसटीने उमरेड, रामटेक करत, जिथे जिथे या मशीन आधीपासून होत्या तिथे तो गेला. किती वेळा बिघडली, एवढंच विचारून तो थांबत नसे. बिघडल्यावर किती दिवस बंद होती, हे तो विचारायचा. त्यातून निघालं ते असं. एक मशीन स्वस्त, पण आतले प्लॅस्टिकचे गिअर उन्हाळ्यात दगा द्यायचे. दुसरी आवाज करणारी, कागदही वरचेवर अडकायचा. पण दोन स्क्रू काढले की रोलर हातात, आणि नवा रोलर नागपुरातच, सीताबर्डीच्या बाजारात मिळे. तिसरी, म्हणजे आमची, सगळ्यांत देखणी. छपाई स्वच्छ, बिघाड क्वचित. मात्र बिघडली की आतला अख्खा संच बदलावा लागे. तो मुंबईहून यायचा आणि बसवायला कंपनीचाच माणूस लागायचा. उमरेडच्या कॉलेजात आमची मशीन परीक्षेच्या दिवसांत कापड पांघरून बसली होती, आणि पोरांची हॉल तिकिटं बाहेरून काढून आणावी लागली होती.

हे सगळं अहवालात येणार, असं त्याच्याकडूनच कळल्यावर मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "धन्या, उमरेडचं एक वाक्य गाळ. बाकी सारं ठेव."

 तो म्हणाला, "सुरेश, मी वाक्य गाळलं त मशीन उघडन का गा?"

"माझी नोकरी जाईल."

"मले माहीत आहे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. पण वाक्य राहिलं.

ऑर्डर गेली. कंपनीने मला आधी चंद्रपूरला पाठवलं आणि वर्षभरात कामावरून कमी केलं. मी धनराजशी बोलणं टाकलं. त्याचे फोन यायचे, मी उचलत नव्हतो. त्याची बायको सुलोचनावहिनी बाजारात भेटली, तर मी रस्ता बदलला. आज हे लिहिताना लाज वाटते...

मग एकदा काम शोधत मी त्याच संस्थेत गेलो. तिथल्या हेडक्लार्क बाई म्हणाल्या, "तुमच्याबद्दल गजभियेंनी फार चांगलं लिहिलंय." मला वाटलं, चेष्टा करतायत. त्यांनी फाइल समोर ठेवली. तो अहवाल मी तोवर वाचलाच नव्हता! आमच्या मशीनची छपाई सर्वोत्तम, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. सुटे भाग नागपुरात मिळू लागले तर पहिली पसंती हिलाच द्यावी, असंही होतं. आणि शेवटी एक ओळ: "या कंपनीच्या विक्री प्रतिनिधींनी विचारलेली प्रत्येक गोष्ट खरी सांगितली. उमरेडचा पत्ताही त्यांनीच दिला." खरंच, तो मीच दिला होता. विसरून गेलो होतो.

तिथून मी सरळ दुकानात गेलो. तो एका मशीनमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसला होता. त्याने वर पाहिलं.

"वाचला का?"

"आज वाचला."

"मंग उभा काहून राहिला? ये, थो पाना दे इकडे."

त्यानंतर आम्ही शेवटपर्यंत सोबत काम केलं. विकणारे माझे हात त्याने दुरुस्तीला लावले. शाळेत गेलो की तो शिपाई, क्लार्क, बाई, जे असतील त्यांना बोलावून मशीन उघडून दाखवायचा. "पाहून घ्या मॅडम, हे तुमाले बी जमते." आपलं काम कमी होईल, ही भीती त्याला कधी शिवली नाही.

दुकान बंद करायचं नाही, हे वहिनींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. प्रज्ञा पॉलिटेक्निकला शिकवते, ती शनिवारी येते. गेल्या शनिवारी आम्ही दोघं रामटेकच्या शाळेत गेलो होतो. मी मागचं झाकण काढलं, तिने टॉर्च धरला आणि एकदम थांबली. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेलं होतं. प्रत्येक मशीनमध्ये तो असं लिहून ठेवायचा, पुढे जो कोणी उघडेल त्याच्यासाठी. तिने ते मोठ्याने वाचलं: "डावा गिअर झिजला आहे. अजून वर्षभर चालन. बदलताना स्प्रिंग सांभाळा, उडते."

स्प्रिंग उडालीच. टेबलाखाली गेली, ती शोधताना प्रज्ञा हसली आणि मग रडली. आम्ही गिअर बदलला. मशीन सुरू झाली, पहिला कागद गरम गरम बाहेर आला. झाकण लावण्याआधी तिने माझ्याकडे मार्कर मागितला, वडिलांच्या अक्षराखाली तारीख टाकली आणि लिहिलं, "गिअर बदलला. स्प्रिंग खरंच उडते."