फटफटीच्या मागच्या सीटवर

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ बोलायची गरज नोती — तिले सगळं माहीत आहे. बाकी लोकायले, म्हणजे पोरायले, सोयऱ्यायले, प्लांटातल्या दोस्तायले, मी साठ वर्षं उलटंच सांगितलं. अन् इतक्या झोकात सांगितलं का मधात मधात मलेच खरं वाटे. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुमच्यापाशी सोपं जाईन असं वाटलं अन् लिहायले बसलो. सोपं जाऊन नाही राहिलं.

आधी माझी ऐट सांगतो, म्हणजे पुढचं समजन.

भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता तेव्हाची गोष्ट. भंडाऱ्याकडच्या गावातून मी आलो, आधी खुर्सीपारच्या झोपड्यात राहिलो, मग सेक्टरमध्ये क्वार्टर भेटला. ड्यूटी क्रेनवर. शेडच्या वरच्या वर रुळावर चालणारी क्रेन — खाली लाल लोखंडाची बादली लटकलेली, वर केबिनमध्ये मी. शिडी चढताना नवीन माणसं थरथर कापत, अन् मी कानावर बिडी ठेवून चढे. "याले भेवच नाही," असं सगळे म्हणत. मीबी म्हणे. पण ज्याच्यावर खऱ्या भेवाची वेळ कधी आलीच नाही, तो माणूस निडर कसा? हा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात येते!

रूसले परत जाणाऱ्या एका साहेबाची फटफटी मी घेतली होती. काळी, जड, अन् सुरू झाली का क्वार्टरायच्या पूर्ण लाइनीतले कुत्रे भुंकत. अन् माझी बायको अंजना — तिचा बाप शंकरपटातला धुरकरी. बैलायच्या शर्यतीत जोडी हाकणारा माणूस. पोरगा नाही, म्हणून त्यानं हिलेच लहानपणापासून रेंगीवर, म्हणजे पटाच्या हलक्या छकड्यावर, बसवलं, कासरा हातात दिला. फटफटी तिले मीच शिकवली. मरोद्याच्या तलावाकडं तेव्हा मुरमाचा मोकळा रस्ता होता, इतवारी सकाळी तिथं चिटपाखरू नसे. मजाक म्हणून शिकवली, खरं सांगतो. दोन इतवारात ती माझ्याहून बरी चालवू लागली. नऊवारी लुगडं, काष्टा कसलेला, एक पाय टाकून ऐटीत बसे. पाहून मले हसू ये — अन् पोटात थोडंसं दुखे पण. कावून दुखे? तेव्हा समजलं नाही.

नोकरी पक्की झाली तशी अंजना म्हणे, पचमढीच्या महादेवाले जाऊन येऊ. आमच्याकडचे लोक बसनं जात, पायी जात. आम्ही फटफटीनं निघालो. हिवाळ्याचे दिवस. एक झोला, एक घोंगडी, शिदोरीत भाकरी अन् ठेचा. पहिला मुक्काम साकोलीकडं तिच्या माहेरी, दुसरा नागपुरात, तिसरा छिंदवाड्याच्या लॉजात — एक खाट, एक बादली, अन् भिंतीवर आधीच्या लोकायनं कोळशानं लिहून ठेवलेली नावं. लॉजवाला सकाळी मले म्हणे, "बाबू, आगे घाट है, संभलके जाना." मी म्हटलं, "अरे, मैं क्रेन चलाता हूँ!" जशी काही घाटाची अन् क्रेनची ओळख आहे.

तामियाच्या अलीकडं रस्ता वर चढू लागला. एका बाजूनं डोंगर, दुसऱ्या बाजूनं — काहीच नाही. वळणावर समोरून ट्रक आला. मी गाडी कडेले घेतली, चाक खडीवर घसरलं, अन् मी खाली पाहिलं. बस, पाहिलं तेवढंच. क्रेनवरून मी रोज खाली पाहत होतो. पण क्रेन रुळावर चालते, घाटात रूळ कुठं? ट्रक निघून गेला तरी माझे हात हँडलवरून सुटेनात. मग कसाबसा उतरलो, डोंगराच्या बाजूले जाऊन दगडावर बसलो. अन् रडलो — तेही सांगूनच टाकतो. चांगला हुंदके देऊन रडलो.

अंजनानं झोला उघडला. पाणी दिलं. माझं रडणं होईपर्यंत थांबली. मग काष्टा नीट खोचला, गाडी सरळ केली अन् म्हणे, "चाला जी, मागं बसा. डोये झाकून घ्या, म्हनजे दरी दिसनच नाही."

अन् मग तिनं जी गाडी काढली — काय सांगू तुमाले! बैलाशी बोलते तशी गाडीशी बोले. "हां राजा, हळू... आता चाल, चाल रे माह्या सोन्या!" वळण आलं का अंगानं झुके, वळण गेलं का सरळ, जसं काही तो रस्ता तिच्याच बापाच्या वावरातून गेला आहे. मी तिच्या पाठीले चिपकून, डोळे गच्च मिटून. त्या घाटात एकदाच उघडले. यात्रेकरूंची बस पुढं वळणावर थांबली होती, अन् बाया खिडक्यातून अर्ध्या अर्ध्या बाहेर आलेल्या — "अवं माय! बाई चालवून राहिली!" कोणी टाळ्या वाजवल्या. अंजनानं हँडलवरचा हात काढून त्यायले हलवला. हात काढून! घाटात! मी ओरडलो, ती खदखदा हसली, अन् गाडी वर, वर, वरच.

तामियाचा घाट गेला. पुढं मटकुलीपासून पचमढीचा घाट लागला, तोही गेला. वाऱ्यानं तिचा पदर माझ्या तोंडावर फडफडे. ती पेरणीच्या वेळचं कायतरी गाणं गुणगुणत होती. त्या दिवशी माझ्या बायकोइतकं खुश माणूस पूर्ण सातपुड्यात नोतं. जिंकली होती ती! मले भेव वाटत होतं, अन् तरी तिचा अभिमानही वाटत होता, दोन्ही एकाच वेळी. मग तो अभिमान मी गिळला कावून?

कावून का प्रत्येक गावाच्या अलीकडं मैलाचा दगड ये. दगड दिसला का मी म्हणे, थांब. ती उतरे, मी पुढं बसे, अन् छाती काढून गावात शिरे. गाव सुटलं का पुन्हा अदलाबदल. पहिल्या वेळी ती हसली. दुसऱ्या वेळीही हसली. पचमढीच्या दगडापाशी मात्र म्हणे, "येथवर आनली, दारापर्यंत आनू द्या ना." मी नाही म्हटलं. लोक काय म्हणतीन?

पचमढीचं हाटेल लहानसं, चार खोल्या, कौलाचं छप्पर. मालकानं माझी पाठ थोपटली — बाईमाणसाले मागं बसवून दोन घाट? शाब्बास! आम्ही ओट्यावर चहा पिऊन राहिलो होतो, तेवढ्यात घाटातली ती बस मागून येऊन पोचली, अन् तिच्यातल्या बाया उतरल्या. त्यायनं अंजनाले पाहिलं. "हीच! हीच ती बाई!" अंजनाचा चेहरा असा फुलला — अन् मी कप खाली ठेवून म्हटलं, ती दुसरी कोणी असन. अंजना माझ्या बाजूलेच उभी होती.

हे इथंच राहिलं असतं तर मी आज लिहीत बसलो नसतो. भिलाईले परत आलो. येताना मी सावरलो होतो, उताराचा घाट मीच काढला, म्हणून आपलं सांगणं पूर्ण खोटं नाही, अशी मी मनाची समजूत घातली. अन् कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये सांगू लागलो. रोज एक वळण वाढे. "पचमढीवाले भाऊ" असं नावच पडलं मले. अंजनाच्याही कानावर गेलं. घरात तर आम्हा दोघायले माहीतच होतं ना.

मग संक्रांत आली. आमच्या लाइनीतल्या बाया हळदीकुंकवाले आमच्या ओसरीत जमल्या. मी आतल्या खोलीत. अंजना वाण देता देता सहज बोलून गेली — घाटात फटफटी मी चालवली. मिरवून नाही, जसं कोणी म्हणन का आज भाजी मी केली, तसं. बाया हसल्या. एक म्हणे, "भाऊजीलेच विचारू!" अन् मले बाहेर बोलावलं.

इथं मले थांबा लागते.

अंजना माझ्याकडं पाहत होती. चिंता नोती तिच्या डोळ्यात. तिले पक्कं होतं का आता हा "हाव, चालवली" म्हणन. एक "हाव" — केवढासा शब्द आहे तो? तोंड उघडलं का पडते. मी हसलो. अन् म्हटलं, "कायची चालवते! माझा शर्ट पकडून, डोये झाकून, रडत बसली होती मागं. सपन पडलं असन तिले."

बाया पोट धरधरून हसल्या. अंजनाही हसली. मग तिनं करंडा उचलला अन् पुढच्या बाईच्या कपाळाले कुंकू लावलं.

माझं रडणं मी तिच्या नावावर लावलं. माझे मिटलेले डोळे तिच्या तोंडावर चिपकवले. चार लोकायत, तिच्याच घरात, तिच्याच सणाच्या दिवशी. घाटातल्या भेवाची मले आता लाज नाही वाटत. भेव कोणालेही वाटू शकते. पण ओसरीत कोणती दरी होती? तिथं कायचं भेव होतं मले?

त्यानंतर मरोद्याच्या रस्त्यावर ती पुन्हा आली नाही. मी दोनदा म्हटलं, चाल, चालव. "कायले?" एवढंच म्हणे. मी मात्र सांगत राहिलो. रिटायर झालो त्या दिवशी हार गळ्यात असताना सांगितलं. हुडको कॉलनीत घर घेतलं, तिथल्या शेजाऱ्यायले सांगितलं. नातवायले सांगितलं, तेव्हा ती बाजूले बसून मटर सोलत होती. नातू म्हणे, "आजी, तू सच में रोई थी?" तिनं त्याच्या हातात दाणे दिले, "खा," म्हणे.

एवढं लिहून झालं अन् काल अंजनाले वाचून दाखवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, तिले आत्ता वाचता येत नाही. मले वाटलं, रडन, नाही तर रागावन. तिनं डोळ्यावर काळा चष्मा ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणे, "उताराचा घाट कोनं काढला म्हनता?"

मी कागदाकडं पाहिलं.

"तुमी? पचमढीहून उतरताना तुमी पुढं होते? अवो, ब्रेक तापला होता. मी पहिल्या गेरात उतरवली, पूर्ण घाट, एका दमात. तुमी मागं महादेवाचा धावा करून राहिले होते. चढाचं काय घेऊन बसले जी, चढ कोनीबी चढते. जोडी उतारावर आवरा लागते, तिथं धुरकरी समजते!"

आवाज कसा खणखणीत! बसल्या जागी हात असे धरले होते तिनं, जसं काही हँडल समोरच आहे.

साठ वर्षांनी खरं सांगायले बसलो, अन् अर्धा घाट तरी आपल्यापाशी ठेवलाच. ती ओळ मी खोडली नाही. राहू द्या तिथंच, तुमाले दिसू द्या.

"आता लिहा," अंजना म्हणे. लिहितो.

जातानाचे घाट अंजनानं चढवले. येतानाचेही अंजनानंच उतरवले.